यात्रा, पडदा आणि थीम पार्क

थीम पार्क म्हणजे एखादी कथा, एखादा काळ किंवा एखादा प्रदेश मध्यवर्ती धरून रचलेले करमणुकीचे कुंपणबंद आवार. पाळणे, घसरगुंड्या आणि गाड्या एका जागी उभ्या केल्या की मनोरंजन उद्यान होते. त्यांना इमारती, पोशाख, संगीत आणि खाण्यापिण्याची जोड देऊन एका कथानकात ओवले की त्याचे थीम पार्क होते. तिथे आलेला माणूस कथा पाहतो आणि तिच्यातून स्वतः चालतही जातो. हा प्रकार अमेरिकेत घडला, तिथेच वाढला आणि पुढे जगभर गेला. त्यामुळे अमेरिकेच्या लोकप्रिय संस्कृतीचे अभ्यासक त्याच्याकडे गंभीरपणे पाहू लागले. लाखो लोकांनी खिशातले पैसे देऊन यावे असे काही उभारायचे, तर लोकांना कशाची ओढ आहे, कशाची भीती वाटते, भूतकाळातले काय आठवायला आवडते आणि काय विसरलेले बरे वाटते, याचा अंदाज घ्यावाच लागतो. तो अंदाज लाकूड, लोखंड आणि सिमेंटमध्ये उतरतो. म्हणून थीम पार्क समाजाच्या दप्तरासारखे वाचता येते.

महाराष्ट्रात अशा वाचनासाठी नाशिक परिसर विशेष सोयीचा आहे. नवरात्रात भरणारी कालिकामातेची यात्रा, भारतीय चित्रपटाचे सुरुवातीचे मोठे निर्मितीकेंद्र, त्या चित्रपटाच्या जनकाचे स्मारक-उद्यान आणि शेजारच्या शिर्डीतले भक्तीवर आधारलेले थीम पार्क, असे या इतिहासाचे सगळे टप्पे इथे जवळजवळ सापडतात. ते नीट समजण्यासाठी आधी अमेरिकेतली वाटचाल पाहावी लागते.

जत्रेला कुंपण पडले

१८९३ साली शिकागोत कोलंबसच्या अमेरिका-प्रवासाच्या चारशे वर्षांनिमित्त जागतिक प्रदर्शन भरले. त्यालाच जोडून झालेल्या सर्वधर्म परिषदेत त्या सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले. प्रदर्शनाचे दोन भाग होते. एका बाजूला पांढऱ्या भव्य इमारतींमध्ये यंत्रे, शेती आणि कला मांडली होती. दुसऱ्या बाजूला ‘मिडवे’ नावाच्या लांब पट्ट्यात खेळ, खाणावळी आणि परदेशी वस्त्यांचे देखावे होते. जिवंत माणसांना ‘वेगळ्या’ जमातींचे नमुने म्हणून तिथे मांडले गेले होते. गोऱ्या अमेरिकेने स्वतःला प्रगतीच्या शिखरावर आणि इतरांना खालच्या पायऱ्यांवर कसे बसवले, हे त्या मांडणीतून आजही स्पष्ट दिसते.

मिडवेवरच जॉर्ज फेरिस या अभियंत्याने पोलादी चक्र उभारले. त्याची उंची २६४ फूट होती. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातील आयफेल टॉवरला अमेरिकेने दिलेले हे उत्तर होते. फिरत्या पाळण्याची कल्पना मात्र कितीतरी जुनी आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली ऑटोमन साम्राज्यातील एका गावी लाकडी उभा पाळणा पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले होते. शिकागोत नवे होते ते पोलाद, वाफेची ताकद आणि गर्दी हाताळण्याचे तंत्र.

याच सुमारास न्यूयॉर्कजवळचा कोनी आयलंडचा समुद्रकिनारा करमणुकीचे मोठे केंद्र बनत होता. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन याने तिथे उतारावरून धावणारी गाडी सुरू केली. एका फेरीला पाच सेंट पडत. रोलर कोस्टरच्या व्यवसायाची खरी सुरुवात तिथून झाली. १८९५ मध्ये पॉल बॉयटन याने ‘सी लायन पार्क’ला कुंपण घातले आणि आत येण्यासाठीच पैसे आकारायला सुरुवात केली. तोवर पाळण्यावर बसायचे तेवढ्याचे पैसे पडत, फिरणे आणि पाहणे फुकट होते. कुंपणामुळे मालकाला आतली सगळी मांडणी हवी तशी ठरवता येऊ लागली आणि कोणाला आत घ्यायचे, हे ठरवण्याची सत्ताही त्याच्याकडे आली. पुढे १८९७ मध्ये ‘स्टीपलचेस’, १९०३ मध्ये ‘लूना पार्क’ आणि १९०४ मध्ये ‘ड्रीमलँड’ सुरू झाले. लूना पार्क विजेच्या असंख्य दिव्यांनी रात्री झळाळत असे. घरोघरी वीज पोचायच्या आधीच्या त्या काळात एवढा उजेड हेच मोठे आकर्षण होते. ड्रीमलँड १९११ च्या आगीत जळून गेले.

इतिहासकार जॉन कॅसन यांनी १९७८ च्या ‘अम्यूझिंग द मिलियन’ या पुस्तकात कोनी आयलंडचा अर्थ उलगडला. कारखान्यात आठवडाभर राबणारे कामगार आणि युरोपातून नुकतीच आलेली स्थलांतरित कुटुंबे तिथे येत. घरातल्या मोठ्यांची नजर चुकवून भेटणारी तरुण मुले-मुलीही तिथे जमत. गाडीच्या झोक्याने अनोळखी माणसे एकमेकांवर आदळत. मध्यमवर्गाने घालून दिलेले सभ्यतेचे नियम तिथे काही तास सैल होत. कामाच्या यंत्रांनी थकलेली माणसे करमणुकीसाठी पुन्हा यंत्रांवरच बसत होती, ही विसंगतीही कॅसन यांनी दाखवून दिली.

कुंपणाची दुसरी बाजू वंशभेदाची आहे. अमेरिकेतील अनेक मनोरंजन उद्याने कृष्णवर्णीयांना दशकानुदशके बंद होती. बाल्टिमोरजवळच्या ‘ग्विन ओक’ उद्यानासमोर वर्षानुवर्षे निदर्शने झाली. १९६३ च्या जुलैमध्ये तिथे शेकडो लोकांना अटक झाली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले त्याच दिवशी, हे उद्यान सर्वांना खुले झाले. ‘मौज’ वाटणाऱ्या जागा नागरी हक्कांच्या लढ्याची रणभूमी होत्या, हे या घटनेतून कळते.

पडद्यावरून जमिनीवर

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले आणि थीम पार्कला आजचे रूप मिळाले. सुमारे १६० एकर जमीन आणि १ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास खर्च, असा हा प्रकल्प होता. पैशांसाठी वॉल्ट डिस्ने यांनी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी करार केला. तिने उद्यानात भांडवल गुंतवले आणि डिस्ने यांनी तिच्यासाठी ‘डिस्नेलँड’ नावाचा साप्ताहिक कार्यक्रम दिला. तो ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे उद्यान उघडण्याआधीच घरोघरच्या मुलांना त्याचा नकाशा जवळपास पाठ झाला होता.

डिस्नेलँडची आखणी करणारे बरेचसे लोक चित्रपटाच्या कलाविभागातून आले होते आणि त्याची खूण सगळीकडे दिसते. चित्रपटात दृश्यामागून दृश्य येते, तसे एका विभागातून दुसऱ्यात जाताना रंग, संगीत आणि पायाखालची फरशी बदलते. मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा लहान मापाने बांधले आहेत, त्यामुळे त्या असतात त्यापेक्षा उंच भासतात. ही सेट उभारणाऱ्यांची जुनी युक्ती. बाहेरचे जग दिसू नये म्हणून उद्यानाभोवती मातीचा उंच बांध आहे. कर्मचारी तिथे पात्रे मानले जातात आणि त्यांचा गणवेश म्हणजे वेशभूषा.

उद्यानाचे पाच मूळ विभाग अमेरिकेच्या आत्मप्रतिमेची सूचीच आहेत. ‘मेन स्ट्रीट’ हा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या छोट्या गावाचा बाजारपेठेचा रस्ता. मिझुरीतील मार्सेलीन या गावी गेलेल्या वॉल्ट यांच्या लहानपणाची त्यात सावली आहे. ‘फ्रंटियरलँड’ हा पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींचा, ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ दूरदेशीच्या जंगलांचा, ‘फँटसीलँड’ परीकथांचा आणि ‘टुमॉरोलँड’ यंत्रयुगाच्या उद्याचा. आठवणीतले गाव, जिंकलेला प्रदेश, परका प्रदेश, बालपण आणि भविष्य, असा हा क्रम आहे. शीतयुद्धाच्या काळात उपनगरांत स्थिरावलेल्या गोऱ्या मध्यमवर्गाला आपला देश जसा हवा होता, तसा तो तिथे उभा होता. ज्यांच्या जमिनी गेल्या ते मूळ रहिवासी आणि ज्यांना गुलाम केले ते आफ्रिकी वंशाचे लोक या चित्रात शोभेपुरते आले.

म्हणूनच विचारवंतांनी या उद्यानाला मोठे महत्त्व दिले. उंबेर्तो एको यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकाभर हिंडून लिहिताना, तिथे नक्कल मूळ वस्तूपेक्षा सरस मानली जाते, असे निरीक्षण मांडले. झाँ बोद्रियार यांनी १९८१ मध्ये याहून टोकाचा विचार मांडला. डिस्नेलँड उघडपणे काल्पनिक असल्यामुळे बाहेरची अमेरिका खरी आहे असा भास टिकतो, असे त्यांचे म्हणणे. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलन ब्रायमन यांनी २००४ मध्ये दाखवले की थीम पार्कची तत्त्वे, म्हणजे कथानकाची सजावट, खरेदी-खाणे-करमणूक यांची सरमिसळ आणि हसतमुख सेवा, मॉल, हॉटेल आणि विमानतळांपर्यंत पसरली आहेत.

इतिहासाच्या विक्रीवर प्रत्यक्ष वादही झाला. १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने व्हर्जिनियात, यादवी युद्धाच्या मनासस रणभूमीजवळ, ‘डिस्नेज अमेरिका’ या इतिहासविषयक उद्यानाची योजना जाहीर केली. गुलामगिरी आणि युद्ध हे सहलीचे विषय कसे होतील, असा प्रश्न अनेक नामवंत इतिहासकारांनी विचारला. स्थानिकांचाही विरोध होता. १९९४ मध्ये कंपनीने योजना मागे घेतली.

नाशिकची यात्रा आणि फाळक्यांचा पडदा

महाराष्ट्रातील करमणुकीला जत्रा-यात्रांचा पाया आहे. नाशिकमध्ये कालिकामातेची यात्रा नवरात्रात भरते. देवीच्या दर्शनाची रांग, नारळ-ओटीची दुकाने, खेळणी, बांगड्या, शेव-रेवड्या आणि एका अंगाला आकाशपाळणे, असा तिचा थाट असतो. ‘मौत का कुआँ’मध्ये लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारे स्वार, ब्रेकडान्स आणि टोराटोरा हे यांत्रिक पाळणे, मुलांची चक्री, हे सगळे ट्रकमधून येते, उभारले जाते आणि यात्रा उलगली की पुढच्या गावी जाते. या यात्रेला फाटक नाही. आत शिरायला पैसे पडत नाहीत, बसायचे त्या पाळण्याचे तेवढे द्यायचे. शहरातला सधन माणूस आणि खेड्यातून आलेले मजुराचे कुटुंब एकाच वाटेने चालतात. करमणूक इथे देवदर्शनाला लागून येते आणि त्यामुळेच ती घरातल्या सर्वांना मोकळी असते. एरवी बाहेर न पडणाऱ्या बायकांनाही यात्रेला जायला कारण द्यावे लागत नसे.

यात्रांनीच चित्रपट गावोगाव नेला. तमाशाच्या फडाशेजारी तंबू ठोकून, ट्रकमध्ये प्रक्षेपक घेऊन फिरणारी टुरिंग टॉकीज महाराष्ट्रात अनेक दशके टिकून राहिली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने तिचा शेवटचा काळ टिपला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली.

पडद्याची कथा नाशिक जिल्ह्यातच सुरू होते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. ज्योतिर्लिंगाच्या या क्षेत्री पुराणकथा रोजच्या जगण्याचा भाग होत्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षणाबरोबरच छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग अशी अनेक कौशल्ये त्यांनी गोळा केली. ‘प्रोफेसर केल्फा’ असे आपलेच आडनाव उलटे करून ते जादू सादर करत. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना राम आणि कृष्ण असेच पडद्यावर यावेत, ही इच्छा मनात आल्याचे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी आपला चित्रपटांचा कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि ‘लंका दहन’ इथलेच. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकलाच उभी राहिली.

१९१७ चा ‘लंका दहन’ या इतिहासात मध्यवर्ती आहे. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमानाचे उड्डाण आणि जळती लंका ही फाळक्यांच्या कॅमेरा-चमत्कारांची दृश्ये लोकांना थक्क करून गेली. राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडत आणि तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशा हकिगती सांगितल्या जातात. डिस्ने आणि फाळके यांच्यातले साम्य इथे दिसते. दोघांनी लोकांना आधीच पाठ असलेल्या कथा घेतल्या आणि यंत्राच्या साहाय्याने त्यांना प्रत्यक्ष दर्शनाचे बळ दिले. डिस्ने यांच्या हाती परीकथा होत्या, फाळक्यांच्या हाती पुराणे. डिस्ने यांना दूरचित्रवाणीचे भांडवल मिळाले आणि पडद्यावरचे जग जमिनीवर आले. फाळके वारंवार पैशांच्या ओढगस्तीत सापडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निवर्तले.

गोराईपासून शिर्डीपर्यंत

भारतात आधुनिक मनोरंजन उद्यान १९८४ साली दिल्लीत ‘अप्पू घर’च्या रूपाने आले. १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीवरून त्याचे नाव पडले. महाराष्ट्रात सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला ‘एस्सेल वर्ल्ड’ सुरू केले. खाडी ओलांडून होडीने जायचे हाच सहलीचा पहिला खेळ असे. राज्यभरच्या शाळांच्या सहलींनी ते एका पिढीच्या आठवणीत कोरले गेले. याच उद्योजकाने १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू केला. उद्यान आणि दूरचित्रवाणी यांची डिस्नेलँडच्या काळात जुळलेली जोडी इथे क्रम बदलून आली.

१८ एप्रिल २०१३ रोजी मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीजवळ ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ उघडले. संस्थापक मनमोहन शेट्टी यांचा मूळ व्यवसाय चित्रपटाच्या फितीवर प्रक्रिया करण्याचा, म्हणजे इथेही उद्यानामागे चित्रपट होताच. इमॅजिकात अमेरिकी साचा आणि देशी कथा शेजारी-शेजारी दिसतात. ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ अमेरिकेतील सोन्याच्या खाणींचे जग खालापूर तालुक्यात आणते. ‘राजासॉरस’ची जलसफर नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या आणि २००३ मध्ये नाव मिळालेल्या डायनोसॉरवर आधारलेली आहे. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ च्या हिंदी चित्रपटावरून आला आहे. कर्जाच्या ओझ्याने प्रकल्प अडचणीत आला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तो ताब्यात घेतला. जमीन, आयात यंत्रे आणि देखभाल यांवर आधीच प्रचंड पैसा ओतावा लागतो आणि गर्दी मात्र सुट्ट्यांपुरतीच होते, ही या व्यवसायाची जगभरची अडचण आहे.

मालपाणी समूहानेच शिर्डीत उभारलेले ‘साईतीर्थ’ नाशिकहून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तिथे देशातील प्रसिद्ध मंदिरांच्या प्रतिकृतींमधून गाडीत बसून ‘तीर्थयात्रा’ घडते, यांत्रिक पुतळ्यांच्या साहाय्याने साईबाबांच्या द्वारकामाईतील प्रसंग उभे राहतात आणि हलत्या खुर्च्यांवर बसून ‘लंका दहन’ पाहता येते. नाशिकच्या कारखान्यात १९१७ मध्ये फाळक्यांनी पडद्यावर आणलेली हीच कथा शतकभराने त्याच टापूत थीम पार्कमध्ये आली. यंत्रे अमेरिकी परंपरेतली आहेत, पण येणारा माणूस दर्शनाला निघालेला यात्रेकरूच आहे. देवाला जोडून करमणूक, ही यात्रेची जुनी रीत इथे तिकिटाच्या फाटकाआड शिरली आहे.

राज्यात याच धर्तीचे आणखी दोन प्रयोग दिसतात. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठात बारा बलुतेदारांचे गाव पुतळ्यांतून उभारले आहे. पुण्याजवळ आंबेगावला शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतील, शिवकाल उभा करणाऱ्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. कणेरीचे गाव ‘मेन स्ट्रीट’प्रमाणे हरवलेल्या गावाची ओढ जागवते. त्यातला सलोखा मनाला भिडतो. जातीची उतरंड आणि गावकुसाबाहेरची वस्ती अशा देखाव्यात किती दिसते, हा प्रश्न अभ्यासकाने विचारायलाच हवा. व्हर्जिनियात इतिहासकारांनी विचारलेला प्रश्न याच जातीचा होता.

नाशिकमध्ये पांडवलेणीच्या पायथ्याशी महापालिकेने सुमारे २९ एकरांवर फाळके स्मारक उभारले. वर दोन हजार वर्षांची बौद्ध लेणी, शेजारी बुद्धस्मारक आणि खाली प्रदर्शन दालने, बागा, कारंजी असे हे आवार आहे. स्मारक, संग्रहालय आणि सहलीची जागा ही तिन्ही कामे त्याच्याकडून अपेक्षित होती. सार्वजनिक पैशातून, कमी तिकिटात, शहरातल्या प्रत्येकाला परवडेल अशी जागा देणे हा त्यामागचा मोलाचा विचार होता. पुढे देखभाल कमी पडली आणि त्याची रया गेली. पुनर्विकासाच्या योजना वेळोवेळी पुढे आल्या. ज्या शहरात भारतीय चित्रपटाने बाळसे धरले, तिथे त्या इतिहासाला साजेशी जागा असणे ही नाशिकची न्याय्य अपेक्षा आहे.

अभ्यासाची साधने

थीम पार्क वाचताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात. आत कोण येऊ शकते आणि तिकिटाच्या दरामुळे कोण बाहेर राहते? कथा कोणाची निवडली आणि कोणाची गाळली? रस्ते माणसाला कोणत्या दुकानापाशी नेऊन सोडतात? पाळणा चालवणारा, सफाई करणारा आणि मुखवट्याआड घामाने निथळणारा कामगार किती मजुरीवर काम करतो? भांडवल कोठून आले? हेच प्रश्न यात्रेला लावले की दोन्हींतला फरक उघड होतो. यात्रेत जागा सर्वांची, खेळ तात्पुरते आणि मालक अनेक. उद्यानात जागा एकाची, खेळ कायमचे आणि गोष्टही एकाच मालकाने ठरवलेली.

अमेरिकेत या अभ्यासासाठी जुने नकाशे, तिकिटे, जाहिराती, छायाचित्रे आणि कंपन्यांचे कागद जपले गेले आहेत, त्यावर विद्यापीठांतून संशोधन होते. महाराष्ट्रात फाळक्यांच्या चित्रपटांचेही तुकडेच उरले आहेत. फिरत्या पाळण्यांचे मालक, मौत का कुआँचे स्वार आणि तंबू-सिनेमाचे चालक यांच्या हिशेबवह्या, परवाने आणि आठवणी अजून त्यांच्या घरांत आहेत. महापालिका आणि ग्रामपंचायतींच्या दप्तरात यात्रांच्या जागावाटपाच्या नोंदी असतात. शाळांच्या सहलींची छायाचित्रे घराघरांत आहेत. ही साधने गोळा करून जपणे हे नाशिकसारख्या शहरातील महाविद्यालये आणि वाचनालयांना सहज पेलणारे काम आहे. ते झाले तर सामान्य माणसाने आपल्या मोकळ्या वेळात काय पाहिले, कशावर पैसा खर्च केला आणि त्यातून स्वतःची कोणती प्रतिमा घडवली, याचा इतिहास पुराव्यानिशी लिहिता येईल.